कंदीलवाली

सुधीरनं खोक्यावरची चिकटपट्टी दातानं तोडली. कात्री टेबलावर समोरच होती, पण तेवढा धीर त्याला निघाला नाही. भिवंडीलगतच्या राहनाळच्या गोदामात जेवणाची सुट्टी झाली होती. हमाल कापडाच्या गाठींना पाठ टेकून डबे सोडत होते, आणि हा कारकून आपलं टेबल रिकामं करून त्यावर खोकं मांडून बसला होता, देव्हाऱ्यासमोर बसावं तसा.

केसरीनाथ आत डोकावला. गोदाम त्याच्या बापाचं. बापानं याच जागेत भात लावला होता. मुलगा आता भाडं गोळा करायचा आणि गळ्यातली साखळी चाचपत दिवस काढायचा. मनाचा वाईट नव्हता.

"काय हाय रं त्यात? घड्याल?"

"कॅसेटी."

"कनच्या पिक्चरच्या?"

"पिक्चर नाही. कार्टून आहे. जपानी."

केसरीनाथनं हमालांकडं बघितलं, हमालांनी केसरीनाथकडं.

"पंचवीस वर्साचा घोरा झालास नि कार्टून बगतंस? तुला पोरगी कोन देल?"

हमाल पोट धरून हसले. सुधीर हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं कागदाचा भुस्सा बाजूला केला आणि आतली पेटी बाहेर काढली. जाड काळ्या पुठ्ठ्याची, कडांना कापड लावलेली. झाकणावर एक मुलगी पाठमोरी उभी होती, आखूड केसांची, हातात कागदी कंदील. आत सहा कॅसेटी एकीला एक चिकटून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर चंदेरी आकडा होता. एकपासून सहापर्यंत.

त्यानं हात पँटला पुसला, पण कॅसेटीला लावला नाही.

केसरीनाथचं हसू ओसरलं. तो जवळ आला, पेटीची मागची बाजू उलटून बघितली आणि एकदम कामाचं बोलला. "ही तुज्या मशीनवर न्हाय चालायची. भायेरची हाय. तिकरची नि आपली, दोनी पद्धतीच्या कॅसेटी चालवनारं मशीन लागतं. माज्याकरं हाय, दुबईचं. रविवारी ये दुपारचा. घरी कोन नसंल."

या पेटीची सुधीरनं किती वाट बघितली हे त्यानं कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. एका ठिकाणी सांगितलं, तिथं काढलंच होतं. दादरला एका इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत जपानी कार्टूनची वेडी मंडळी महिन्यातून एकदा जमायची. चांगल्या घरची पोरं. परदेशी मासिकं वाचायची, जपानी माणसाचं दुःख इंग्रजीतून समजून घेऊन उसासे टाकायची, आणि भिवंडी म्हटलं की नाकाला रुमाल लावायची. सुधीरनं पहिल्यांदा तिथं जाऊन विचारलं की, हातात कंदील घेऊन एकटी चालत जाणाऱ्या मुलीची मालिका कुणाला ठाऊक आहे का, तेव्हा त्यांनी नाव विचारलं. नाव त्याला माहीत नव्हतं. कुठल्या भाषेत बघितली विचारलं. तो म्हणाला, अरबीत. खोलीभर हशा झाला. भिवंडीत, अरबीतून, जपानी कार्टून. एकानं विचारलं, जेवून झोपला होतास का?

तरी तो जात राहिला. लाज गिळून जात राहिला. अशी दारं आपल्यासारख्याला उघडी नसतात, ती पायानं अडवून धरावी लागतात. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं, जहाजावर नोकरी करायचा तो, एका मासिकातलं चित्र आणून त्याच्यापुढं टाकलं. हीच का? सुधीरनं चित्र उचलून दिव्याखाली धरलं. हीच.

तिथून पुढं आशेचा धंदा सुरू झाला. कंपनीला म्हणे मूळ फिल्म सापडली होती. एकेक चित्र धुऊन पुसून पुन्हा नवं करणार होते, जुने रंग परत आणणार होते, सगळी मालिका एका पेटीत देणार होते. पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या वर्षी. गच्चीवरच्या मंडळींत वाद पेटायचे. संगीत जुनंच ठेवतील की बदलतील, रंग भडक करतील काय, पेटीबरोबर चित्रांचं पुस्तक मिळेल काय. सुधीर कोपऱ्यात बसून ऐकायचा. त्याला संगीताचं काही नव्हतं, पुस्तकाचंही नव्हतं. त्याला एक चेहरा स्वच्छ दिसायला हवा होता. शेवटच्या कॅसेटीतला. तोही स्वतःसाठी नाही.

सुचेतासाठी.

सुचेता त्याची धाकटी बहीण. खारबावच्या बालवाडीत शिकवायची. येत्या वैशाखात तिचं लग्न होतं. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, पोरीला काय हवं ते विचार असं सुधीरला सांगितलं, कारण स्वतः विचारायची त्यांना सवय नव्हती. सुधीरनं विचारलं. सुचेता तांदूळ निवडत होती. तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "कंदीलवाली मिळेल का रे बघायला? जायच्या आधी एकदा."

ती एवढंच बोलली, आणि त्यातलं सगळं त्याला कळलं. तो ती कधीचीच शोधत होता; पेटी यायचीय, एवढंच त्यानं सांगितलं.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सुधीर चौथीत, सुचेता बालवर्गात. आई, अनसूया, तेव्हा अंथरुणाला लागली होती. हृदयाची झडप बिघडलेली. चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे. यांची खोली वर, पत्र्याखाली. दिवसा तिथं भट्टी पेटायची. खाली शेजारीण झुलेखाखालाचं, म्हणजे झुलेखामावशीचं, घर थंड, भिंती जाड, वर पंखा. तात्या कचेरीत गेले की खाला स्वतः वर यायची, आईला कमरेत धरून एकेक पायरी उतरवायची आणि आपल्या खाटेवर निजवायची. संध्याकाळी तात्या यायच्या आत वर पोचवायची.

यावर नातेवाइकांत बोलणं व्हायचंच. तात्यांची बहीण आक्का एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, "शेवटी मुसलमानाच्या खाटेवर जीव सोडणार वाटतं."

आई म्हणाली होती, "खाट लाकडाची आहे, आक्का."

खालाचा नवरा कुवेतला होता. त्या वर्षी येताना त्यानं व्हिडिओचं मशीन आणलं आणि तिथल्या टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या सहा कॅसेटी, एका पत्र्याच्या पेटीत ओळीनं लावलेल्या. तो परत गेला. मशीन कसं चालवायचं ते खालाच्या हाताला नीट बसलं नव्हतं. सुधीरला दोन दिवसांत आलं. तेव्हापासून मशीन लावायचा मान त्याचा. चौथीतलं पोर, पण बटण दाबताना असा आव आणायचं की जणू लूमचा मास्तर कापडाचा तागा तपासतोय.

सुट्टीभर दर दुपारी एक कॅसेट. आई खाटेवर उशांना टेकून, सुचेता तिच्या मांडीवर, खाला जमिनीवर सुपारी कातरत, सुधीर मशीनपाशी. भाषा कुणालाच कळत नव्हती. चित्राला मुंग्या यायच्या, वरचा भाग सारखा थरथरायचा. तरी गोष्ट कळली. पहिल्या दुपारी डोंगरावरच्या एका दगडापाशी एक मुलगी उभी होती, एकटी, हातात कंदील. दुसऱ्या कॅसेटीत तिला म्हातारा नावाडी भेटला. तिसरीत कुत्रा. दर कॅसेटीला तिची माणसं वाढत होती. मधलं काही जुळत नसे. एका कॅसेटीत नावाडी होडी घेऊन निघून गेला आणि पुढच्या कॅसेटीत पुन्हा सोबत होता. कुत्रा तर चक्क मेला, आणि दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत आला.

"हा दुसरा असेल," सुधीर म्हणाला.

"तोच आहे," सुचेता म्हणाली. "बरा झाला."

तुटलेली तार सांधून कापड पुढं विणायला भिवंडीत कुणाला शिकवावं लागत नाही. पोरांनी सगळं सांधून घेतलं. कंदीलवाली तिच्या हरवलेल्या आईला शोधत होती. पाचव्या कॅसेटीची सुरुवात खराब आहे, आई म्हणाली. खराब फीत चालवली तर मशीन बिघडतं, म्हणून आईनं सुधीरला ती पुढं पळवायला लावली. पडद्यावर नुसत्या रेघा धावत राहिल्या. मग आई म्हणाली, बस. सुधीरनं बटण सोडलं तेव्हा मुलगी समुद्राच्या काठानं चालत होती. आणि सहाव्या दुपारी, शेवटच्या कॅसेटीत, ती घरी होती. केस लांब वाढलेले. दारात ऊन होतं, आई तिच्या मागं बसून तिचे केस विंचरत होती आणि दोघी कशाला तरी हसत होत्या. गोष्ट तिथंच संपली.

खाटेवर आईनं फणी मागून घेतली होती. पडद्यावरची आई विंचरत होती तेव्हा हिनंही सुचेताची वेणी सोडली आणि विंचरायला घेतली. हात मध्येच थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा चालायचा.

त्या संध्याकाळी जिन्यात सुधीरनं सुचेताला सांगितलं होतं, "बघितलंस ना? ती सापडली ना शेवटी? आपली पण बरी होणार."

संक्रांतीच्या आधी आई गेली.

सुचेताला आईचा चेहरा आठवत नव्हता. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतली बाई तिला कुणीही वाटायची. आठवत होती ती डोक्यातून फिरणारी फणी, आणि समोर मुंग्यांच्या आडून हसणारी ती दुसरी आई. दोघी मिसळून गेल्या होत्या. जे होतं ते एवढंच होतं.

कॅसेटी कुठं गेल्या ते विचारू नये. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगलीत गाव पेटलं, त्यात खालाचं घर पेटलं. बाहेरून कुणी आलं नव्हतं. पेटवणारे गल्लीतलेच होते, आणि बघणारेही गल्लीतलेच. खाला आदल्या दिवशीच मुलांना घेऊन निघून गेली होती म्हणून वाचली. तात्या वरच्या खिडकीत उभे होते. भला माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपली बायको ज्या खाटेवर रोज निजायची ती खाट जळताना त्यांनी बघितली आणि खिडकी लावून घेतली, धूर येतो म्हणून. मशीन मात्र जळलं नाही. त्याच वर्षीच्या गणपतीत गल्लीतल्या एका घरी आरतीनंतर त्याच्यावर सिनेमे दाखवले गेले, आणि तात्यांनी तिथला प्रसाद घेतला. जळक्या कॅसेटीची काळी फीत विजेच्या तारेला लटकून पावसाळाभर फडफडत होती. सुधीर शाळेत जाताना मान खाली घालून जायचा.

रविवारी केसरीनाथनं आपला शब्द पाळला. घरात खरंच कुणी नव्हतं. त्यानं मशीन जोडून दिलं, खारे दाणे आणून ठेवले आणि स्वतःही मांडी घालून बसला. म्हणाला, बगू तरी, एवरं काय हाय त्यात.

सुधीरनं एक नंबरची कॅसेट लावली.

दारात ऊन होतं. आई मुलीचे केस विंचरत होती.

तो गोंधळला. कॅसेट बाहेर काढून आकडा बघितला. एकच होता. पुन्हा आत घातली. चित्र इतकं स्वच्छ होतं की केसाचा केस दिसत होता, आईच्या गालावरचा तीळ दिसत होता. त्या चेहऱ्यासाठी त्यानं इतकी वर्षं काढली होती, आणि आता तो समोर होता तर त्याला तो धड बघवेना. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. आई मुलीला सांगत होती की तिला डोंगरावरच्या आपल्या माहेरी एकदा जायचंय.

त्यानं दोन नंबरची लावली. आई अंथरुणावर होती. मुलगी पाणी घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं. मग मुलीनं चुलीपाशी बसून स्वतःचे केस सुरीनं कापले, आईचा कंदील उचलला आणि समुद्राच्या काठानं चालायला लागली.

पुढच्या त्यानं पळवत बघितल्या. कुत्रा मेला तो मेलाच. नावाडी गेला तो परत आला नाही. सहाव्या कॅसेटीत मुलगी डोंगरावर एकटीच पोचली, आईच्या माहेरच्या दगडापाशी कंदील ठेवला, आणि तो विझेपर्यंत उभी राहिली.

केसरीनाथच्या हातात सोललेला दाणा तसाच होता.

"वायट हाय रं हे," तो शेवटी म्हणाला. "हे तू बहिनीला दाखवनार? लग्नाच्या तोंडावर?"

सुधीर पेटीकडं बघत होता. एक ते सहा, डावीकडून उजवीकडं. अरबी उजवीकडून डावीकडं लिहितात. खालाच्या नवऱ्यानं पेटीत कॅसेटी तशाच लावल्या असणार, पहिली उजवीकडं. आणि मराठी शाळेतल्या शहाण्या पोरानं सवयीनं डावीकडून उचलायला सुरुवात केली असणार. एवढंच झालं होतं. एका पोराच्या चुकीनं मेलेली बाई जिवंत झाली होती, आणि त्या चुकीच्या जोरावर त्यानं जिन्यात उभं राहून बहिणीला वचन दिलं होतं.

आता तिला ते खरं दाखवायचं की पेटी आलीच नाही म्हणून सांगायचं? दाखवलं तर तिच्याकडं होतं तेवढंही जाणार. नाही दाखवलं तर ती सासरी जाणार ती वाट बघतच. आठवडाभर त्यानं पेटी गोदामात, गाठींच्या मागं दडवून ठेवली. सुचेता काही विचारत नव्हती. न विचारणं ती लहानपणीच शिकली होती.

खालाचा भाचा भिवंडीतल्याच कामतघरात लूम चालवायचा. तिचा पत्ता त्याच्याकडं होता, कायमच होता, मागितला की मिळाला असता. सुधीरनं तो आता मागितला. घरातून निघताना तात्यांनी पेपर खाली केला.

"कुठं?"

"मुंब्र्याला. खालाकडं."

"कशाला आता?"

सुधीर चपला घालत होता. "आई असती तर केव्हाच गेली असती," तो म्हणाला. तात्यांनी पेपर वर केला.

मुंब्र्यातली खोली चौथ्या मजल्यावर होती. खाला वाळून लहान झाली होती, डोळ्यांना जाड भिंग. तिनं त्याला आधी ओळखलं नाही. मग त्यानं आईचं नाव सांगितलं, आणि तिनं हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपला, बाजारात फळ बघावं तसा. उशीर का केलास, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चहा टाकायला सांगितला, सुनेला बजावलं की याला साखर जास्त लागते, आणि सुचेताची चौकशी केली. लग्न ठरलंय ऐकून ती हसली. दात राहिले नव्हते.

सुधीरनं पेटी आणली होती. त्यानं ती तिच्या मांडीवर ठेवली. खालानं झाकणावर बोटं फिरवली, भिंगाजवळ नेऊन बघितली.

"ही ती कंदीलवाली?"

"हो. नवीन करून काढलीय. एकदम स्वच्छ."

"जळली होती ना ती."

सुधीरनं मान खाली घातली. मग त्यानं सगळं सांगितलं. गोष्ट कशी उलटी होती ते, अरबीचं, उजव्या-डाव्याचं, चौथीतल्या पोराचं. बोलता बोलता तो हसायचा प्रयत्न करत होता. "माझी चूक, खाला. मी भलत्या बाजूनं लावत गेलो, आणि तुम्ही सगळ्या बघत गेलात."

खाला सुपारी शोधत होती. डबा तिच्या गुडघ्यापाशीच होता. त्यानं उचलून दिला.

"तू कुठं लावायचास रे," ती म्हणाली. "तू मशीन लावायचास. कॅसेट कोन काढून द्यायची?"

सुधीरनं तिच्या मांडीवरच्या पेटीकडं बघितलं.

"पेटी तुझ्या आईच्या उशाशी असायची. ती द्यायची, तू लावायचास. शाळेला सुट्टी पडायच्या आधी आम्ही दोघींनीच बघितली होती, पुरी. मालकांनी मशीन चालू करून दाखवलं तेव्हाच. मी रडली. ती नाही रडली." खालानं अडकित्ता उघडला, पण सुपारी कातरली नाही. "दुसऱ्या दिवशी बोलली, खाला, ती पेटी माझ्याकडं दे. पोरांना आपन तिकडून दाखवू."

तिनं हात उचलून डावीकडून उजवीकडं, हवेत, एक सावकाश रेघ ओढली.

चहा आला. सुधीरनं कप धरला आणि तो धरूनच बसला. पडद्यावर रेघा धावत होत्या, बटणावर त्याचं बोट होतं, आणि खाटेवरून आई म्हणाली होती, बस. अगदी जागेवर. खराब फीत कुठं संपते ते कुणाला कसं कळतं, हे त्यानं चौथीत विचारलं नव्हतं, आणि नंतरही कधी नाही.

निघताना खालानं त्याच्या हातात मुठीनं काही कोंबलं. सुचेतासाठी, म्हणाली. वाटेत उघडून बघितलं तर मेंदीची पुडी होती आणि एक लाकडी फणी, नवी, बाजारातली.

पुढच्या रविवारी केसरीनाथ मशीन डोक्यावर घेऊन जिना चढला. वर आल्यावर दम खात म्हणाला, "सांबाल, बापाला ठावं न्हाय." सुधीरकडं बघितलं, सुचेताकडं बघितलं, आणि इतर वेळी हाकललं तरी न हलणारा तो माणूस चहाला न थांबता खाली उतरला.

सुचेतानं सतरंजी टाकली. केस धुतले होते, ओलेच पाठीवर सोडले होते. सुधीरनं साड्यांच्या गाठीवरची एक जाड कापडी पट्टी आणली होती. ती त्यानं टीव्हीच्या काचेवर खालच्या बाजूला, आडवी, नीट चिकटवली.

"हे काय?"

"खाली अक्षरं येतात. तेव्हा नव्हती."

तिनं पट्टीकडं बघितलं आणि मान हलवली. आतल्या दारात तात्या येऊन उभे राहिले. बसा कुणी म्हणालं नाही. ते उंबऱ्यावरच टेकले.

सुचेतानं पेटीकडं हात नेला. सुधीरनं पेटी आपल्याकडं ओढली, उशाशी घ्यावी तशी, मांडीमागं.

"मशीन तू लाव," तो म्हणाला. "कॅसेट मी काढून देतो."

त्यानं एक कॅसेट काढून तिच्या हातात दिली. कॅसेटीच्या पाठीवर चंदेरी आकडा होता, सहा. सुचेतानं तो बघितला. वळून पेटीत उरलेल्या कॅसेटींकडं बघितलं, मग भावाकडं. ती काही विचारेल म्हणून सुधीरनं खालाची फणी उचलून हातात धरली होती.

तिनं विचारलं नाही. कॅसेट मशीनमध्ये सरकवली, बटण दाबलं, आणि मागं सरकत येऊन त्याच्याकडं पाठ करून बसली, केस पाठीवर मोकळे सोडून.